डब्यातलं पार्टिशन

आमच्या वाडीत माणसं एकमेकांवर जेवढा संशय घेतात, तेवढा पोलीसखातं पगार घेऊनही घेत नाही. नारळ पडला तर तो कोणाच्या हद्दीत पडला हा प्रश्न नंतरचा. आधी चौकशी होते ती, तिकडे वाकायला माडाला कोणी शिकवलं याची. समोरच्या घरातले दोन सख्खे भाऊ फणसाच्या एका फांदीवरून कोर्टात गेले. ते झाड म्हातारं होऊन मेलं, त्याचा वासा होऊन तिसऱ्याच्याच गोठ्यावर चढला, तरी तारखा पडताहेत. त्यांच्या पलीकडच्या घरात भिंत घातली ती इतकी काटेकोर, की घरातली मांजर अर्धी ह्यांची नि अर्धी त्यांची झाली. बिचारी शेपटीकडून उपाशी असते. खोटं वाटत असेल तर येऊन मांजर बघा.

अशा वाडीत न फुटलेलं घर एकच, आमचं. मी आणि दादा. तो माझा सख्खा भाऊ नव्हे, चुलत. बाप दोन, पण खळं एक, विहीर एक, काजूची बाग एक आणि चूल एक. चुलीवर गॅस आला, चूल मात्र एकच राहिली. तिथे वहिनीचं राज्य. मी बिनलग्नाचा. मुलीकडची माणसं बघायला यायची, माझ्या गजाली ऐकून पोट धरधरून हसायची, आणि हसत हसत जी जायची ती परत यायची नाहीत. त्यामुळे चूल वेगळी झाली तर दादाचं काही बिघडणार नव्हतं; त्याची चूल त्याच्यासोबत जाणार. माझ्या वाट्याला आल्या असत्या भिंती, आणि भिंतीला कितीही फोडणी दिली तरी ती जेवणाला लागत नाही. मला चहा करता येतो असं मी लोकांना सांगतो. तो प्यायलेला माणूस मात्र अजून समोर आलेला नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला माझ्या लिखाणाची काळजी होती असं कोणाला वाटायला नको. लिखाण गेलं तर नवीन थापा मारता येतात. ताटातला भात गेला तर कोणाच्या दारात उभं राहायचं?

तर आमच्याकडे एक संगणक आहे. घरात त्याला डबा म्हणतात. मधल्या खोलीत, खिडकीपाशी, गोधडीच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला असतो, कारण खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे पंखे गंजतात, कुलपं गंजतात, पुढारीसुद्धा गंजतात. हा डबा आम्ही दोघांनी मिळून घेतला. दादाला हवा होता आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरींसाठी आणि भजनांसाठी. मला लिहायला. दादाला ती सगळीकडे असते ती खिडक्यांच्या चित्राची यंत्रणा पाहिजे होती. मला पाहिजे होती पेंग्विनच्या चित्राची, कारण खारेपाटणचा माझा वर्गमित्र म्हणाला होता की त्या पेंग्विनला कसलीच रोगराई शिवत नाही. हा वर्गमित्र उभा जन्म एका कचेरीतले संगणक सांभाळून निवृत्त झालेला. त्या संगणकांच्या घरघरीने त्याचे दोन्ही कान गेले, असं तो सांगतो. मी सांगतो की तो जन्मापासूनच कोणाचं ऐकत नव्हता.

तो एकदा आला, वहिनीच्या हातची सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, आमटी जेवला, आणि डब्याच्या पोटात दोन भाग, त्याच्या भाषेत पार्टिशन, करून गेला. एका भागात दादाची खिडकी, दुसऱ्यात माझा पेंग्विन. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोघांची नावं यायची, एकाखाली एक. बाण हलवून आपलं नाव निवडायचं आणि आत शिरायचं. दोन दारांचं घर, पण अंगण एक. दादाला ते काही मनापासून पटलेलं नव्हतं.

"हो डबो दरवेळेक इचारता कित्या?" तो म्हणायचा. "घरातल्या माणसांका कोण इचारता, तू कोणाकडचो म्हणान?"

अशी चार वर्षं गेली. मग एका सकाळी मी बटण दाबलं, आणि डब्याने विचारलंच नाही. काळा पडदा आला नाही, नावं आली नाहीत. तो सरळ धावत सुटला तो दादाच्या खिडकीत. समोर दादाने लावलेला हापूस आंब्याचा फोटो. मी बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा आंबा. दुपारपर्यंत मी इतके आंबे बघितले की मोसम संपला.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते दादाचं. माझा नाइलाज होता. मी ह्याच वाडीत वाढलो. आदल्या संध्याकाळी तो डब्यापुढे बसलेला मी पाहिला होता. मी खोलीत शिरताच त्याने पडद्यावरचं काहीतरी घाईघाईने बंद केलं होतं. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कळफलकाला बांगड्याचा वास येत होता. आता बांगडा आमच्या घरात सगळेच खातात हे खरं. पण 'ई' आणि 'आर' या कळांवर जास्त वास होता. वास घेण्यात माझं नाक साधं नाही. बंदरावर होडी लागायच्या आत, कोणाच्या जाळ्यात काय आहे ते मी कट्टा गावच्या बाजारात उभा राहून सांगितलेलं आहे.

मी पाळत ठेवली. कळफलकावर चिमूटभर राख भुरभुरवून ठेवली, बोटं उमटतील म्हणून. वहिनीने ती फडक्याने पुसली. लगेच माझा संशय दुप्पट झाला. ही पण सामील!

मग वर्गमित्राला फोन करणं आलं. आमच्या घरात फोनला रेंज येते ती एकाच जागी. विहिरीकडच्या कपडे धुवायच्या धोंड्यावर उभं राहून, तोंड मसुरे गावाच्या दिशेला करून, डावा कोपर जरा वर धरायचा. ह्या धोंड्याच्या बरोब्बर डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी. आणि फोनच्या पलीकडे बहिरा माणूस. दादा काजूच्या बिया घेऊन कट्ट्याला गेला, तेवढ्यात मी डब्यात दादाच्या खिडकीतून डोकावून घेतलं. पोटातले दोन्ही भाग दिसत होते, पण माझ्या भागावर नावच नव्हतं. मग धोंड्यावर चढलो आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागलो.

"अरे, पण पार्टिशन तरी आसा काय नाय?" वर्गमित्राने विचारलं.

"आसा रे! पार्टिशन झालेला तसाच आसा!"

"काय?"

"पार्टिशन! झालेला आसा! दोन भाग आसत! दादाचो मोठो, माझो धाकटो!"

"मगे तुझो उघडणा नाय कित्या?"

"दादानच बंद केल्यान!"

"तेच्यार तुझा नाव आसा?"

"नाव नाय! भाग आसा, पण तेच्यार माझा नाव नाय!"

"काय पुसान टाकू नको हां! नायतर सगळाच जातला!"

"नाय रे! आणि दादाक ह्यातला काय कळाक नको! तो कट्ट्याक गेलोहा, तेवढ्यात बघून घेतंय!"

माझ्या डोक्यावर, खिडकीत, खोबरं किसायचा आवाज येत होता तो थांबला. मला वाटलं, नारळ संपला असेल.

त्या दुपारी जेवायला बसलो. दादा कट्ट्याहून आलेला, हातपाय धुऊन पाटावर बसलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"आपण सुरुवात करावी," दादा म्हणाला. "आमटी निवून जाईल."

माझा घास हातातच राहिला. दादा मालवणीशिवाय बोलला, तोही माझ्याशी! दादाची प्रमाण मराठी मी तीनदाच ऐकलेली. एकदा तलाठी कार्यालयात, एकदा बँकेत, आणि एकदा मुंबईहून आलेल्या एका माणसाने आमच्या आंब्याला आंबट म्हटलं तेव्हा. तिन्ही वेळा समोरच्याचं भलं झालं नव्हतं. दादा ह्या भाषेत शिरला की अंगावर इस्त्रीचा सदरा चढल्यासारखा ताठ होतो, आणि मग त्याच्याशी भांडताही येत नाही, अर्ज करावा लागतो.

"काय झाला रे दादा?" मी विचारलं.

"काहीही झालेलं नाही. आपल्याला भात आणखी लागणार आहे का?"

वहिनीने माशाच्या तुकड्या वाढल्या. नेहमी मधली तुकडी माझी, कारण दादाला डोकं आवडतं. त्या दिवशी दोन्ही ताटांत सारख्याच तुकड्या. एवढ्या सारख्या की तिने पट्टी लावून कापल्या असाव्यात.  मी ते गिळलं. पण आत माझा हिशेब पक्का झाला होता. चोरी पकडली जायची वेळ आली म्हणून हा माणूस शुद्ध बोलतोय. गुन्हा अंगात मुरला की भाषा सुधारते, हे मी बऱ्याच पुढाऱ्यांवरून ताडलेलं आहे.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी दादा उठायचा तो थेट शुद्ध मराठीतच उठायचा. "पाणी तापलेलं आहे." "आपला टॉवेल तिकडे आहे." मी मुद्दाम त्याला चिडवायला गेलो. त्याच्या चपला माडाच्या मुळाशी लपवल्या. एरवी एवढ्यावर त्याने माझ्या सात पिढ्या, म्हणजे स्वतःच्याही, बाहेर काढल्या असत्या. तर म्हणाला, "आमच्या चपला आढळल्यास कृपया सांगावं." मालवणी आतमध्ये कुठेतरी शाबूत असणार, मरेल कशी? पण तिच्याकडे जायचं दारच दिसेना. मधल्या खोलीत डबा आंब्यावर जाऊन थांबत होता आणि पडवीत दादा 'कृपया'वर.

मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. सकाळची उन्हं खळ्यात उतरली होती. दादा सुंभाची लांब दोरी घेऊन घर मोजत होता. एक टोक उंबऱ्याला, दुसरं मागच्या दाराला. मधे गाठ मारली आणि ती गाठ जिथे आली तिथे जाऊन उभा राहिला. मी माडाच्या आड. माड माझ्यापेक्षा बारीक, तरी मी पोट आत ओढून त्याच्या आड मावलो होतो. खिडकीतून मला दिसला तो स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीसमोर उभा. वहिनी त्याच्या बाजूला. दोघंही त्या गाठीकडे बघत होते.

"बरोबर चुलीवर येते," दादा वहिनीलासुद्धा शुद्धच म्हणाला. वहिनीने पदर तोंडाला लावला.

मला सगळं उमगलं. म्हणजे मला वाटलं की सगळं उमगलं. आधी डब्यातला माझा भाग गिळला. आता घराचा. हे डब्याचं नुसतं प्रात्यक्षिक होतं!  आता सांगतो म्हणून विनोदी वाटतं. त्या सकाळी माडाआड उभा असताना मला पुढची सगळी वर्षं दिसली. एक खोली, एक पातेलं, आणि पलीकडच्या भिंतीतून येणारा वहिनीच्या फोडणीचा वास. त्या वासावर मी कोरडा भात खाणार.

दुपारी मी ठरवलं, आज जे काय ते होऊन जाऊ दे. पण तोंड दादानेच उघडलं. भात कालवलेला हात ताटात ठेवून, पाठ सरळ करून.

"आपण पार्टिशन केल्याचं आमच्या कानावर आलं आहे," तो म्हणाला. "ते कधी केलंत?"

"कधी म्हणजे?" मी चिडलोच. "चार वर्सां झाली की! तुझ्या डोळ्यासमोर केला!"

"आमच्या डोळ्यासमोर?"

"तू थयच बसान चाय पित होतंस!"

दादाचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याला सांगितलं, तू चार वर्षांपूर्वीच वारलास. "आणि हे केलं कोणी?"

"खारेपाटणच्या दोस्तान. वहिनीन तेका सुंगटां करून घातली, ती खावन केल्यान."

"माझ्या हातचा खावन माझीच चूल फोडल्यान?" वहिनी किंचाळली. "वाढतेवेळी माका काय ठावक!"

"चुलीचो काय संबंध?" मी म्हणालो. "दादाक मोठो भाग दिलो, माका धाकटो. मी एक शब्द बोललंय काय? पण आता ह्येणा माझो भाग बंद करून ठेवल्यान! रोज बघतंय तर ह्येचोच भाग उघडता. माझा नावसुद्धा दिसणा नाय!"

"कुठला भाग आपला?" दादाने विचारलं. "पडवी की माजघर? ते तरी कळू दे."

"माजघर खंयचा काढलंस? डब्यातलो भाग!"

 बाहेर कावळासुद्धा ओरडायचा थांबला. तो वाडीतलाच असल्यामुळे त्यालाही ऐकायचं होतं.

"भावजीनू," वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही त्या धोंड्यार उभे ऱ्हवन बोंबललास, ता खंयच्या पार्टिशनाचा?"

"डब्याचा! दुसऱ्या खंयच्या?"

वहिनी खाली बसली, ती हसायला लागली की रडायला ते मला कळलं नाही. दादा मात्र हलला नाही. आमच्या वाडीतला माणूस असा एका वाक्यावर विश्वास ठेवून मोकळा होत नाही. त्याने माझ्याकडे, मग मधल्या खोलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"आम्हांला दाखवा," तो म्हणाला.

"तू आधी सांग, दोरी कित्याक लावलंस घराक?"

"आपण वाटणी मागणार असं कळलं. मागितल्यावर भिंत कुठून जाईल ते बघितलं. चुलीवरून जाते. तेव्हापासून आमच्या घशाखाली घास गेलेला नाही." एवढं बोलून त्याने ताटाकडे पाहिलं. ताटात तुकडीचा काटा तेवढा उरला होता. "विशेष असा गेलेला नाही," त्याने दुरुस्ती केली.

उष्ट्या हातांनी आम्ही उठलो. हात धुवायलाही कोणी थांबलं नाही. आता दादापुढे डबा उघडून सरळ करून दाखवल्याशिवाय माझी सुटका नव्हती. पण उपाय ठाऊक असलेला माणूस खारेपाटणला, त्याचा आवाज फक्त धोंड्यावर, आणि डबा मधल्या खोलीत. दादा डब्यापुढून उठायला तयार नव्हता. मी त्याच्या नकळत काही करीन म्हणून. म्हणून मी धोंड्यावर, वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत, दादा डब्यापुढे. खारेपाटणहून शब्द निघायचा, माझ्या तोंडून वहिनीकडे, वहिनीच्या तोंडून दादाकडे.

"डबो चालू करताना एफ दोन दाब म्हणान सांग!" वर्गमित्र ओरडला.

"एफ दोन!" मी ओरडलो.

"आयकलास? दोन!" वहिनी आत ओरडली.

"दोन दाबला," आतून दादाचा शुद्ध आवाज. "आंबा आला."

पुन्हा बंद, पुन्हा चालू. "दोन नाय, एफ दोन! वरच्या रांगेतलो! बटण दाबल्याबरोबर टकटक करीत ऱ्हव!" ह्या वेळी दादाने अशी टकटक केली की शेजारी समजले, आमच्याकडे कोंबडीची पिल्लं निघाली. आणि निळा पडदा आला. पडद्यावर यादी. दादाने एकेक अक्षर इंग्रजीत वाचून दाखवलं, जसं तो मतदारयादीत आपलं नाव शोधतो. यादीत पहिली त्याची खिडकी, दुसरा माझा पेंग्विन.

"झाला तर!" वर्गमित्र म्हणाला. "कोणी काय केल्यान नाय. ती खिडकी मधून मधून आपली आपणच डागडुजी करता आणि मगे आपणच पुढच्या पाटार जावन बसता. पेंग्विनाक उचलून वर घाल म्हणान सांग."

मी सांगितलं. वहिनीने सांगितलं. 

"म्हणजे," दादा म्हणाला, "धाकट्याचा आमच्या वर?"

ही चूक माझी नव्हती, पण मला घाम फुटला. गावच्या पालखीला पहिला खांदा दादाचा, माझा दुसरा. शिमग्याला पहिला नारळ दादाच्या हातचा. कोण कोणाच्या आधी, ह्या एका गोष्टीवरून आमच्याकडे देवसुद्धा खोळंबलेले आहेत. आणि आता त्याच्याच बोटाने त्याला खाली बसवायला मी सांगत होतो. संशय त्याला पुन्हा चाटून गेला, हे मला भिंतीपलीकडूनही दिसलं.

"इचार तेका, पुढे कित्याक होयो हेचो?" वहिनीने मला फर्मावलं. मी वर्गमित्राला विचारलं. तो जे बोलला ते मी वहिनीला सांगितलं, आणि वहिनीने ते आपल्या पद्धतीने आत पोचवलं.

"अहो, आयकलास? भावजींचो पुढे बसलो तर तो दोघांकय इचारता, खंय जाताय म्हणान. तुमचो पुढे बसलो तर तो कोणाकच इचारणा नाय. सरळ आपल्याच ओसरीर!" आणि वर जोडलं, "तुमच्यासारखोच!"

हे शेवटचं काही खारेपाटणहून आलं नव्हतं.

 "ह्याची शाश्वती काय?" आतून दादाचा आवाज आला. "आज डब्यात वर जाल. उद्या घरात."

मला खरं म्हणजे तेव्हा मोठी गजाल करायची होती. मालवणच्या बंदरापासून खारेपाटणपर्यंत गाजेल असं काहीतरी. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "दादा," मी धोंड्यावरून ओरडलो, आणि फोन कानाला असल्याने ते खारेपाटणलाही ऐकू गेलं, "वाटणी घेवन मी जेवतलंय खंय रे? भात कोण वाढतलो माका?"

वहिनी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. ती आत वळली, पण दादाला काहीच म्हणाली नाही. त्याने ऐकलेलंच होतं. मग एक कळ वाजली. नंतर आणखी एक. "वर घेतला," दादा म्हणाला.

"आता ता पक्का करूक एफ दहा!" वर्गमित्र. "एफ दहा!" मी. "एफ दहा!" वहिनीने ह्या वेळी 'एफ' नीट म्हटलं. डबा गप्प झाला, आणि पुन्हा घरघरू लागला.

"काळा पडदा आला," दादा आतून सांगू लागला. "दोन नावं दिसतात. वर आपलं. खाली आमचं. कोपऱ्यात आकडे उलटे पळत आहेत. थांबा, चष्मा धूसर आहे. पुसून घेतो."

"दादा, चष्मा मगे पूस!" मी ओरडलो. "आधी बाण खाली घे!" पण हे वहिनीपर्यंत जाऊन आत पोचायच्या आधी आकडे संपले. कोणी निवडलं नाही की पेंग्विन आपण होऊन आत शिरतो, हे दादाला सांगायचं राहून गेलं होतं.

 मग घरातून असा आवाज आला की माडावरचा कावळा उडाला.

"शिरा पडली तुझ्या त्या पाखराच्या तोंडार! इचारता म्हणालंस मेल्या! खंय इचारल्यान? मी चष्मो पुसतंय तवसर पांढऱ्या पोटाचो आत जावन बसलो! माझो आंबो खंय गेलो? फसवतंस माका? धोंड्यार काय उभो आसस थय देवचारासारखो, हय ये आधी, तंगडीच मोडतंय तुझी!"

मी धोंड्यावरून विहिरीतच पडायचा, एवढा आनंद झाला. वहिनीने खिडकीचा गज धरला आणि मान खाली घालून खांदे हलवत राहिली. ह्या वेळी हसतच होती, ते नक्की.

"काय झाला रे?" खारेपाटणहून वर्गमित्र घाबरून विचारत होता. "कोण बोंबलता? बिघाडला काय?"

"नाय रे! सुरू झालो!"

"काय?"

"सुरू झालो!"

"डबो?"

"दादा!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की मसुऱ्याला दुपारच्या झोपेतली माणसं उठून बसली असतील. "दादा सुरू झालो!"

आत गेलो. दादाच्या शिव्या झेलत डबा बंद केला, पुन्हा लावला, बाण त्याच्या बोटानेच खाली नेला आणि त्याला त्याच्या आंब्यापुढे बसवला. डबा त्याने दोनदा बंद करून, दोनदा उघडून पाहिला. एकदा त्याचा, एकदा माझा. माझ्या भागात मी काय काय लिहून ठेवलंय तेही बघू लागला, तेव्हा मी मधे पडलो. "माझ्याबद्दल काय लिवलंस?" त्याने संशयाने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसू नये हेच बरं.

पातेल्यातला भात गार झाला होता. वहिनीने तो परत उकळत्या आमटीत घातला, दोन्ही ताटं उचलून नेली आणि एकाच शेगडीवरून परत आणली. दादा जेवता जेवता बोलतच होता. मी त्याच्या चपला लपवल्या तिथपासून त्याने सुरुवात केली ती माझ्या बारशापर्यंत जाऊन आला. त्यातलं एकही वाक्य छापण्यासारखं नाही. मी मागून मागून भात घेतला आणि मधे कुठेही त्याला थांबवलं नाही.